अकरा मुलांची टक्केवारी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या जिल्हा पानावर गेल्या आठवड्यात तालुक्यातल्या जिल्हा परिषद शाळांची यादी आली. वरच्या दहा शाळा, तळाच्या दहा शाळा, आणि प्रत्येकीपुढे पट, प्रवर्गनिहाय मुलं आणि तिसरीच्या प्रगत, म्हणजे चाचणीत ठरलेली पातळी गाठलेल्या, मुलांची टक्केवारी. तळाकडून तिसरी शाळा माझी. माझी म्हणते, कारण चौदा वर्षं मी तिथे शिकवलं आणि दोन वर्षांपूर्वी तिथूनच निवृत्त झाले. पट ११. तिसरीत प्रगत २५ टक्के.

बातमीत शाळांची नावं ठळक छापली होती, म्हणून वस्तीवर तो पेपर हातोहात फिरला. मला त्या दिवशी चार फोन आले. शाळा बंद होणार का, हाच सगळ्यांचा प्रश्न. त्यासाठीच हे पत्र लिहायला बसले आहे.

बालाघाटच्या डोंगरात, बीड जिल्ह्यात आमची ही वस्ती आहे. शाळा पहिली ते चौथी, दोन खोल्या, दोन शिक्षक. २५ टक्के म्हणजे काय ते आधी सांगते. तिसरीत मुलं चार. त्यातलं एक प्रगत. संपली टक्केवारी. या चौघांना पहिलीत मीच बसवलं होतं, माझ्या नोकरीच्या शेवटच्या वर्षी, त्यामुळे चौघंही मला तोंडपाठ आहेत.

प्रगत ठरलेली मुलगी अंगणवाडी सेविकेची. बाराही महिने गावात असते, आई रोज संध्याकाळी तिला जवळ घेऊन वाचायला बसवते. दुसरा मुलगा तांड्यावरचा. घरी गोरमाटी, म्हणजे बंजारा बोली बोलतात, मराठी तो शाळेत येऊनच शिकला. गणितात त्याचा हात कोणी धरत नाही, भाषेत दोन गुण कमी पडले. तिसऱ्याला कमी ऐकू येतं. समोर उभं राहून बोललं की ओठांवरून सगळं कळतं त्याला, म्हणून मी त्याला नेहमी पहिल्या ओळीत, खिडकीच्या उजेडाकडे पाठ करून बसवायची आणि मी स्वतः उजेडाकडे तोंड करून उभी राहायची. यंदा तोंडी परीक्षा घ्यायला बाहेरून आलेले सर कागदात बघून बोलत होते, असं तिथल्या शिक्षिकेने सांगितलं. मुलाने तीन प्रश्नांना मान हलवली आणि गप्प बसला.

चौथी मुलगी ऊसतोड कामगाराची. तिच्याबद्दल जरा जास्त लिहू द्या.

दिवाळी झाली की आमच्या वस्तीवरच्या अकरापैकी आठ मुलांच्या घरांतून कोयता बाहेर पडतो. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, हे आपल्याकडे कोणाला सांगायला नको. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती फेडायला पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात जायचं. आजी-आजोबा धडधाकट असतील तर मुलं मागे राहतात, नसतील तर बिऱ्हाडाबरोबर जातात. या मुलीची आजी दोन वर्षांपूर्वी गेली, तेव्हापासून ती जाते. पाचटाच्या कोपीत धाकट्या भावाला सांभाळते. कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, की परत येते. यंदा परत आली तेव्हा परीक्षेला आठ दिवस उरले होते.

ती आल्याचं कळलं म्हणून मी एसटीने वस्तीवर गेले. उसाच्या पानांनी कापलेल्या हातांवर बारीक बारीक रेघा होत्या. दप्तरातून तिने मला एक चुरगळलेला कागद दाखवला. उसाच्या गाडीची काट्यावरची पावती. बापाने फेकून दिलेली, तिने जपून आणलेली. भरलेल्या गाडीचं वजन ३२१० किलो, रिकाम्या गाडीचं ६४०. मी विचारलं, ऊस किती भरला? वही नाही, पाटी नाही. ती पुटपुटायला लागली, ‘सहाशे चाळीसला साठ दिले, सातशे. तीनशे दिले, हजार. मग दोन हजार दोनशे दहा.’ क्षणभर थांबली आणि म्हणाली, ‘दोन हजार पाचशे सत्तर, बाई.’ मी पावतीची घडी उलगडून बघितली. बरोबर होतं. असं मोजायला कोणी शिकवलं म्हणून विचारलं, तर म्हणाली, बाबा मुकादमाचा हिशोब तपासायला मलाच बोलावतात.

आठ दिवसांनी परीक्षेत तिला तीन अंकी वजाबाकीचं उभ्या मांडणीचं उदाहरण आलं, हातच्याचं. उभी मांडणी वर्गात डिसेंबरात झाली होती, तेव्हा ती फडात होती. उदाहरण तिने कोरं सोडलं. अप्रगत.

उभी मांडणी तिला यायलाच हवी, त्याबद्दल माझं दुमत नाही. तिचं शिक्षण बुडालंय हे खरंच आहे आणि कौतुकाच्या गोष्टी सांगून ते भरून येणार नाही. पण ‘२५ टक्के’ या आकड्यातून वाचकाला काय कळलं? शिक्षक शिकवत नाहीत, एवढंच. कमी ऐकणाऱ्या मुलासमोर तोंड करून बोलायला हवं, तांड्यावरच्या मुलाला भाषेत दोन गुणांचा हात द्यायला हवा, या मुलीसाठी नोव्हेंबरच्या आत सोय व्हायला हवी होती, ही तीन वेगवेगळी कामं आहेत. आकड्यात ती तिन्ही बुजून गेली.

आता माझ्या स्वतःच्या नोकरीतला अनुभव. २०१५ साली ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ सुरू झालं आणि प्रत्येक शाळेची टक्केवारी निघायला लागली. पहिल्या वर्षी आमच्या तिसरीत दोन मुलं होती, दोन्ही प्रगत. शंभर टक्के! आसपासच्या शाळांच्या केंद्राच्या कार्यक्रमात मला शाल-श्रीफळ मिळालं, फोटो काढला. पुढच्या वर्षी तिसरीत तीन मुलं आली, त्यातलं एक प्रगत. ३३ टक्के. मला कारणे दाखवा नोटीस आली, ‘गुणवत्तेत ६७ टक्के घसरण’ असा शब्दप्रयोग करून. शाळा तीच, बाई तीच, फळा तोच. दोनाचं एक झालं होतं, आणि ती मुलंसुद्धा आधीच्या वर्षीची नव्हती, वेगळीच होती. शाल घेताना मला फार आनंद झाला होता. नोटीस आली त्या रात्री झोप लागली नाही. आज वाटतं, दोन्ही वेळी माझ्या शिकवण्याबद्दल कोणालाच काही कळलेलं नव्हतं, मलाही नाही.

त्या नोटिशीनंतर मी व्हरांड्यात मुलांना घेऊन एक खेळ केला. एक रुपयाची चार नाणी घ्यायची, एकदम उडवायची, किती छापे पडले ते खडूने फरशीवर लिहायचं. छापा म्हणजे प्रगत. सोळा वेळा उडवली. कधी दोन छापे, कधी एक किंवा तीन. एकदा चारही छापे पडले आणि पोरांनी टाळ्या पिटल्या, ‘शंभर टक्के, शंभर टक्के!’ एकदा एकही पडला नाही. हिशोबही तसाच आहे, चारही छापे पडायची शक्यता सोळात एक, आणि चारही काटे पडायचीही तेवढीच. मग आम्ही गल्ल्यातली चाळीस नाणी काढून परातीत घेतली. कितीही वेळा हलवा, छापे विसाच्या आसपासच. चाळीसच्या चाळीस छापे आयुष्यात पडायचे नाहीत.

तुमच्या यादीतही नेमकं हेच झालंय, म्हणून हे सांगते. यादी पुन्हा काढून बघा. तळाला लहान शाळा आहेत हे बातमीने ठळक केलं. पण वरच्या दहांतही पट वीसच्या आतल्या शाळाच जास्त आहेत. मोठ्या शाळा दोन्ही टोकांना जवळजवळ नाहीत, त्या मध्ये असणार. चार मुलांच्या वर्गात एक मूल इकडचं तिकडे झालं की २५ टक्के हलतात, साठच्या वर्गात दोन टक्केही हलत नाहीत. यावरून लहान शाळा वाईट असंही म्हणता येत नाही आणि चांगल्या असंही नाही. पुढच्या वर्षी हीच यादी काढा, टोकांना पुन्हा लहान शाळाच जास्त असतील, फक्त बरीच नावं वेगळी असतील.

जे लोक मुलांची चाचणी गांभीर्याने घेतात ते असं करत नाहीत. २०१७ आणि २०२१ मध्ये राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षण झालं, ४ डिसेंबर २०२४ ला ‘परख’ या राष्ट्रीय मूल्यमापन केंद्राचं सर्वेक्षण झालं, तिसरी, सहावी आणि नववीचं. त्यातून बोललं जातं ते राज्याबद्दल, जिल्ह्याबद्दल. ‘असर’ हा खेड्यांतल्या मुलांच्या शिकण्याचा अहवाल काढणारे तर जिल्ह्यातल्या तीस गावांत, प्रत्येक गावात वीस घरांत जाऊन मुलांना वाचायला लावतात आणि तरीही एखाद्या गावाच्या शाळेवर शिक्का मारत नाहीत. आणि आपण चार मुलांवरून शाळेचं नाव ठळक छापतो.

प्रवर्गाच्या रकान्याबद्दल तर मला हात जोडून विनंती करायची आहे. आमच्या शाळेपुढे ‘अनुसूचित जमाती – १, प्रगत – ०’ असं छापलंय. ‘दिव्यांग – १, प्रगत – ०’ असंही. नाव न छापता तुम्ही नाव छापलंत. वस्तीवर पारधी समाजाचं घर एकच आहे. वर लिहिलेली पावतीची मुलगी त्याच घरातली. तिची आई किराणा आणायला गेली तेव्हा दुकानात कोणीतरी तो रकाना मोठ्याने वाचून दाखवला. मला फोन करून ती म्हणाली, ‘बाई, पोरीचं नाव पेपरात आलंय म्हणतात. काय केलं तिनं?’ मला पटकन उत्तर सुचलं नाही. त्या समाजाचं नाव कागदावर कोणत्या कारणाने येत आलंय हे तिला आणि मला दोघींनाही ठाऊक आहे. अमेरिकेत गट फार लहान असला की त्याचा निकाल जाहीर करायचा नाही, रकाना रिकामा ठेवायचा, असा दंडक राज्याराज्यांनी घालून घेतलाय, मूल ओळखू येऊ नये म्हणून. ही साधी गोष्ट आपल्याला आजपासून करता येईल, शासननिर्णयाचीही वाट बघायला नको.

आता पटाकडे येते, कारण शाळेत कोण येतं हे कळल्याशिवाय निकाल कळत नाही. अकरा मुलांत सात मुली आणि चार मुलगे आहेत. वस्तीवर मुलगे कमी जन्मले असं नाही. सकाळी सव्वासातला पिवळी गाडी येते आणि ज्यांना फी झेपते त्यांचे मुलगे इंग्रजी शाळेला घेऊन जाते. त्याच घरातल्या बहिणी आमच्याकडे येतात. म्हणजे आमच्या शाळेत उरतात त्या मुली, ऊसतोडीची मुलं आणि ज्यांना गाडीवाला घ्यायला तयार नसतो ती. त्यांच्यासाठीच तर ही शाळा आहे! मला त्याचा अभिमान वाटतो. पण जिथे सगळ्याच घरांतली मुलं येतात अशा शाळेशी आमच्या शाळेची तुलना करणारा रकाना मला कोणी समजावून सांगावा.

शिवाय पट मोजायची तारीख. संचमान्यतेला, म्हणजे शाळेला किती शिक्षक द्यायचे ते ठरवायला, ३० सप्टेंबरचा पट धरतात. त्या दिवशी आमची अकराच्या अकरा मुलं हजर असतात, कारण फडावर जाणं दिवाळीनंतरचं. जानेवारीत तुम्ही शाळेत आलात तर सहा दिसतील. एप्रिलमध्ये परीक्षा अकरांची होते. सप्टेंबरात मोजायचं, एप्रिलमध्ये तपासायचं आणि मधले पाच महिने मूल कुठे होतं ते कोणत्याच तक्त्यात नाही. हंगामी वसतिगृहाची योजना आहे, जातील तिथल्या शाळेने बसवून घ्यावं म्हणून शिक्षण हमी पत्रक देऊन मुलांना पाठवायचीही पद्धत आहे. मी स्वतः कितीतरी पत्रकं भरून दिली. त्यातल्या एका मुलाचं पत्रक फडाजवळच्या शाळेने शिक्का मारून परत पाठवलं होतं, आत तिथल्या शिक्षकाने पेन्सिलने लिहिलं होतं, ‘वाचन चांगले, पाढे घ्यावेत.’ तो कागद मी अजून ठेवलाय. बाकीची पत्रकं कोऱ्या रकान्यांसह परत आली, किंवा आलीच नाहीत.

लहान शाळा म्हणजे सगळं गोडच असतं असं मी म्हणणार नाही. दोन इयत्ता एका खोलीत, दुसरे शिक्षक बैठकीला किंवा मतदार याद्यांच्या कामाला गेले की चारही माझ्याकडे. पहिलीतलं पोर चौथीचे पाढे ऐकून ऐकून पाठ करतं, मोठी मुलगी धाकट्याला धडा समजावताना स्वतः पक्की होते, हे मी चौदा वर्षं पाहिलं. पण एके वर्षी चौथीत एकटी एकच मुलगी होती. वर्षभर तिच्याबरोबर चढाओढ करायला कोणी नव्हतं, खो-खोचा संघ नव्हता, मनातलं बोलायला बरोबरीची मैत्रीण नव्हती. पाचवीला खालच्या गावात गेली तेव्हा दोन महिने वर्गात बोललीच नाही. हे नुकसानही टक्केवारीत दिसत नाही, त्या वर्षी चौथीचा निकाल ‘१०० टक्के’ होता.

२०२३ मध्ये समूह शाळांचा, म्हणजे लहान शाळा एकत्र करून एक मोठी शाळा करण्याचा विषय निघाला तेव्हा आकडे छापून आले होते: वीसच्या आत पट असलेल्या १४,७८३ शाळा, त्यांत १,८५,४६७ मुलं आणि २९,७०७ शिक्षक. भागाकार केला तर शाळेमागे साडेबारा मुलं आणि दोन शिक्षक, अगदी आमच्यासारखीच शाळा. तोरणमाळ आणि पानशेतच्या समूह शाळांची उदाहरणं तेव्हा दिली गेली. मुलांना सोबत मिळावी, खेळायला मैदान मिळावं हे मलाही वाटतं, वरच्या त्या मुलीसाठी तर फार वाटतं. पण शाळा मुलांपासून किती लांब नेताय ते आधी बघा. प्राथमिक शाळा एक किलोमीटरच्या आत असावी असं आपल्याच राज्याचे नियम म्हणतात. आमच्या वस्तीपासून मोठी शाळा साडेतीन किलोमीटरवर, मध्ये ओढा, पावसाळ्यात दुथडी भरतो. पिवळ्या गाडीतल्या मुलग्यांचं काहीच बिघडणार नाही. पाठीवर भावाला घेऊन शाळेत येणारी सहा वर्षांची मुलगी मात्र पहिल्या पावसात घरी बसेल, आणि मग ती कोणत्याच यादीत अप्रगत दिसणार नाही.

मुलं शिकतात की नाही हे तपासूच नका, असं माझं म्हणणं नाही. जरूर तपासा. २०१६ ला ज्या तिघांमुळे मला नोटीस आली, त्यातले दोघं चौथी संपताना धडधड वाचत होते, आणि तिसऱ्याला जोडाक्षरं अडायची पण पुस्तक सोडत नव्हता. त्यांच्या पहिलीपासूनच्या नोंदी माझ्या वहीत होत्या, कोण कधी ओळ वाचायला लागलं, कोण किती महिने गावात नव्हतं. ती वही कोणी मागितली नाही. अशा नोंदी प्रत्येक लहान शाळेत असतात. तपासायला येणाऱ्यांनी अर्धा तास बसून त्या वाचाव्यात, मुलांना एक एक करून पुस्तक द्यावं, आणि जे मूल मागे आहे त्याचं काय करायचं हे त्याच दिवशी बाईंशी बोलून ठरवावं. अकरा मुलांना किती वेळ लागणार?

आपल्याकडे दोन मागण्या आहेत. पुढच्या यादीत वीसच्या आत पट असेल तिथे टक्के छापू नका, ‘चारांत एक’ असं छापा, आणि प्रवर्गाचे व दिव्यांगांचे रकाने पूर्ण काढून टाका. आणि शिक्षण विभागाला आपल्या स्तंभातून विचारा, की ३० सप्टेंबरबरोबर फेब्रुवारीतही एकदा पट का मोजत नाहीत. ऐन हंगामात, ज्या दिवशी आमच्या शाळेत पाच जागा रिकाम्या असतात त्या दिवशी. आपला वार्ताहर त्या वेळी वस्तीवर येणार असेल तर मी बरोबर येईन. एसटी खालच्या फाट्यापर्यंतच येते, पुढे चालायला लागतं.

कळावे,
आपली विश्वासू,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका
जि. बीड